हात पाठीमागे ठेवून: उन्हाळी विज्ञान शिबिरातले दिवस

आदला दिवस

शिबिराची जागा डोंगराच्या पायथ्याशी होती आणि शेवटचा पट्टा कच्च्या रस्त्याचा. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की अशा खडखडाटात सैल झाकणाच्या डब्यांतले रेझिस्टर (विजेचा प्रवाह आवरणारे छोटे भाग), स्क्रू आणि एलईडी एकमेकांत मिसळतात आणि ते निवडण्यात रात्र जाते. प्रत्येक प्रकार झिपच्या वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करने ठळक नाव आणि सगळ्या पिशव्या एका घट्ट डब्यात, असं भरलं की सुटका होते. लिथियमचे सेल मात्र कधीच सुटे न्यायचे नाहीत. प्रत्येक सेल प्लास्टिकच्या कव्हरात ठेवायचा किंवा त्याच्या टोकांवर चिकटपट्टी लावायची. एखाद्या धातूच्या पट्टीने सेलची दोन्ही टोकं जोडली गेली, की पेटी तापायला वेळ लागत नाही.

मुलं दुसऱ्या दिवशी यायची होती. दुपार केबल तपासण्यात गेली आणि ती सत्कारणी लागली. यूएसबी केबल दिसायला सगळ्या सारख्या, पण काही नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्यांच्यात वीज नेणाऱ्या दोन तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच. अशी केबल लावली की आर्डुइनोवरचा, म्हणजे प्रोग्रॅम चढवून दिवे-मोटर चालवायच्या छोट्या बोर्डावरचा दिवा लागतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं, पण लॅपटॉपला बोर्ड काही सापडत नाही. मूल अर्धा तास ड्रायव्हर आणि पोर्टशी झटापट करतं आणि शेवटी ‘मला हे जमत नाही’ असं ठरवून बसतं. म्हणून प्रत्येक केबलने एकदा खरोखर प्रोग्रॅम चढवून बघायचा. चाललेल्या केबलला हिरवी पट्टी लावायची आणि न चाललेल्या सरळ आवाराबाहेर काढायच्या. ‘बाजूला ठेवू’ म्हटलं की त्या संध्याकाळपर्यंत टेबलावर परत आलेल्या असतात.

लॅपटॉपवर आर्डुइनोचं सॉफ्टवेअर आणि स्वस्तातल्या बोर्डांना लागणारा सीएच340 चिपचा ड्रायव्हर (लॅपटॉपला बोर्ड ओळखायला लावणारा प्रोग्रॅम) आधीच घालून ठेवायचा, इंटरनेट बंद करून चालवून बघायचा. शिबिराच्या जागी नेट असेल असं धरून निघणं हा निव्वळ आशावाद आहे.

तिघांच्या एका गटासाठी पुरेसं सामान असं: एक आर्डुइनो उनो, एक ब्रेडबोर्ड (भाग खोचून सर्किट जोडायची भोकांची पाटी), 10 एलईडी, 220 ओहमचे 10 रेझिस्टर, 10 किलोओहमचे 5, जंपर वायर 40, एक अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीने अंतर मोजणारा), एक मोटर ड्रायव्हर (आर्डुइनोच्या इशाऱ्याने मोटरना वीज देणारा भाग), गिअरच्या 2 मोटर आणि चाकं. वर जादा सामान म्हणून एलईडी दुप्पट, जंपर वायर निम्म्याने जास्त आणि सेन्सर पाच गटांमागे एक. वायर हरवत नाहीत, त्या आतून तुटतात आणि बाहेरून धडधाकट दिसतात. तुटलेली वायर सापडली की जागच्या जागी कात्रीने कापून टाकायची, म्हणजे ती दुसऱ्या गटाकडे जात नाही.

पहिला दिवस

मुलं बारा ते पंधरा वयाची. ओळखीच्या खेळांत फार वेळ घालवला नाही. वर्तमानपत्राची चार पानं आणि मीटरभर चिकटपट्टी देऊन ‘दोन खुर्च्यांमध्ये पूल बांधा, त्यावर पाण्याची बाटली उभी राहिली पाहिजे’ एवढंच सांगितलं. पूल कसे झाले याला महत्त्व नव्हतं. कोण आधी कागद ओढतो, कोण नुसतं बोलतो, कोण गप्प राहून बरोबर जागी घडी घालतो, हे त्या वीस मिनिटांत कळतं आणि गट पाडायला तेवढं पुरतं.

गट तिघांचाच असावा. चौघांत चौथा बघ्या होतो आणि दोघांत एकाचं पोट दुखलं की दुसरा एकटा पडतो. तिघांना तीन कामं द्यायची: जोडणारा, आकृती वाचून सांगणारा आणि वहीत नोंद करणारा. दर वीस मिनिटांनी घड्याळ लावून कामं फिरवायची. आपोआप फिरतील या भरवशावर राहिलं तर ‘तुझं अक्षर चांगलं आहे’ म्हणून वही एखाद्या मुलीच्या हातात जाते आणि ती शिबिर संपेपर्यंत तिथेच राहते. हे इतक्या गोड बोलून होतं की कोणाच्या लक्षातही येत नाही.

मेंटर मंडळींसाठी पहिल्या दिवसापासून एकच कडक नियम होता: मुलांच्या सर्किटला हात लावायचा नाही. हात पाठीमागे. अपवाद धूर, जळका वास, तापलेला सेल आणि धारदार पातं यांचा. एरवी ‘दादा, चालत नाहीये’ किंवा ‘ताई, बघ ना’ अशी हाक आली की जवळ जायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. काय व्हायला हवं होतं? काय झालं? चालत होतं तेव्हापासून शेवटचं काय बदललं? तिसऱ्या प्रश्नावर निम्मी मुलं आपणच ‘अच्छा!’ म्हणून मागे वळतात.

कामाची सुरुवात एका एलईडीने. 5 व्होल्ट, 220 ओहमचा रेझिस्टर, लाल एलईडी. लाल एलईडी साधारण 2 व्होल्ट घेतो, उरलेले 3 व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, म्हणजे प्रवाह जेमतेम 14 मिलिअँपिअर. उनोच्या एका पिनमधून 20 मिलिअँपिअरपर्यंत घ्यावा, 40 ही शेवटची मर्यादा. हे गणित मुलांकडून आधी करून घेतलं की ‘रेझिस्टर कशाला?’ हा प्रश्न निघत नाही. तरी एका गटाने तो वगळला. त्यांचा एलईडी झगझगीत लागला, आणि आपलाच सगळ्यात चांगला चालतो म्हणून त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. त्यांच्या वहीत ‘प्रवाह किती?’ एवढा एकच प्रश्न लिहून ठेवला, बाकी काही नाही.

नेहमीच्या चुका ठरलेल्या असतात. एलईडी उलटा बसतो. लांब पाय धन बाजूला, पण पाय कापलेले असतील तर कडेचा सपाट भाग बघायचा, तो ऋण. दुसरी चूक रंगांची: लाल-लाल-तपकिरी म्हणजे 220 ओहम, लाल-लाल-लाल म्हणजे 2,200. दुसरा लावला तर एलईडी मिणमिणतो आणि मुलं बॅटरी बदलत बसतात. काही मुलांना लाल आणि तपकिरी वेगळे दिसतच नाहीत, म्हणून मल्टिमीटरने (व्होल्ट, ओहम मोजणाऱ्या यंत्राने) मोजायची सवय सगळ्यांनाच लावलेली बरी. त्यात कोणाला एकटं पाडल्यासारखंही होत नाही.

त्या दिवशीचं खरं कोडं एका ब्रेडबोर्डात निघालं. तिघांनी जोडलेले तीन एलईडी, डावीकडचे दोन लागतात, उजवीकडचा नाही. एलईडी बदलला, रेझिस्टर बदलला, वायर बदलली. शेवटी त्यातल्या एका मुलीने उजवीकडचं सगळं उचलून डावीकडे नेलं, तर लागलं. परत उजवीकडे, बंद. मग तिने मल्टिमीटर ‘बीप’वर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो) ठेवून लाल पट्टीची दोन टोकं तपासली. बीप नाही. मोठ्या ब्रेडबोर्डांवर कडेच्या वीजपट्ट्या कधीकधी मधोमध तुटक असतात. वरची लाल रेघ तिथे खंडित छापलेली असते, पण ती कोणी बघत नाही. एक छोटी वायर टाकून तिने दोन्ही अर्धे जोडले आणि मग बाकीच्या गटांचे बोर्ड तपासायला निघाली. असे बोर्ड आधी वेगळे काढून ठेवता येतात. ते मुद्दाम काढू नयेत असं वाटतं.

दुसरा दिवस

आज चाकं. दोन मोटरची गाडी, पुढे एक फिरतं चाक, एल298एन ड्रायव्हर आणि उनो. जोडणीला दोन तास लागतात, दोष शोधायला तीन. वेळापत्रक हे धरूनच आखावं. ‘दोन तासांत रोबो’ असं लिहिलेल्या शिबिरात शेवटच्या अर्ध्या तासात मेंटर सगळं जोडतात आणि मुलं टाळ्या वाजवतात.

सकाळभर गाड्या चालत नव्हत्या, याची कारणं क्रमाने अशी. मोटरना वेगळी बॅटरी दिली, पण तिचं ऋण टोक आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडलं नाही, त्यामुळे ड्रायव्हरला संदेश पोचतच नाही. ब्लूटूथचं मॉड्यूल 0 आणि 1 या पिनांवर ठेवून प्रोग्रॅम चढवायचा प्रयत्न, आणि त्याच पिनांवरून लॅपटॉप बोलतो. एक चाक उलटं फिरतं. इथे मुलं प्रोग्रॅममध्ये खाडाखोड करतात, तेव्हा मोटरच्या दोन वायर अदलाबदल करणं सोपं. शिवाय दोन मोटर कधीच सारख्या नसतात. गाडी डावीकडे ओढत असेल तर प्रोग्रॅममधला उजव्या मोटरच्या वेगाचा आकडा 200 वरून 185 वर आणून बघायचं, मग 180, आणि प्रत्येक आकडा वहीत.

दुपारी एका गटाची गाडी उचकी लागल्यासारखी चालू लागली. अर्धा सेकंद पुढे, थांबा, पुन्हा अर्धा सेकंद. गटातला एक मुलगा ठाम होता की दोष प्रोग्रॅममध्ये आहे, कारण प्रोग्रॅम त्याने लिहिला नव्हता. त्यांनी 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली होती. धूर शोधायच्या यंत्रासाठी ती बॅटरी उत्तम, मोटरसाठी निरुपयोगी. तिचा आतला रोध जास्त असतो. मोटर सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढते, बॅटरीचा दाब (व्होल्टेज) कोसळतो, उनोचं डोकं 2.7 व्होल्टच्या खाली वीज गेली की स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करतं. मोटर थांबते, दाब परत चढतो, प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो, मोटर फिरते, आणि हेच चक्र.

पण हे सांगून टाकलं असतं तर त्यांनी बॅटरी बदलली असती आणि विषय संपला असता. त्याऐवजी विचारलं: ‘बोर्ड मध्येच नव्याने सुरू होतोय का, हे कसं कळेल?’ मल्टिमीटर इथे फसवतो, तो इतक्या झटपट पडझडीला पुरत नाही. दहा मिनिटांनी त्यांच्यातल्या सगळ्यात गप्प मुलाने सुचवलं की प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या भागात, जो एकदाच चालतो, बोर्डावरचा एलईडी तीनदा लुकलुकवायचा. गाडी चालताना तो पुन्हा लुकलुकला तर बोर्ड परत सुरू झाला. लावलं, आणि प्रत्येक उचकीला तीन लुकलुक. ही युक्ती कायम वापरण्यासारखी आहे.

उपाय दोन: एकतर 18650 मापाचे दोन लिथियम सेल एकापुढे एक लावावेत, एकूण 7.4 व्होल्ट. एल298एन स्वतःच जवळपास 2 व्होल्ट खातो, त्यामुळे 3 ते 6 व्होल्टच्या मोटरना हे बरोबर बसतं. चार्ज होणारे चार पेन्सिल सेल लावले तर एकूण 4.8 व्होल्ट, त्यातून ड्रायव्हरने खाल्ल्यावर मोटरच्या वाट्याला जेमतेम 3 उरतात, गाडी गालिच्यावर अडते. किंवा टीबी6612 जातीचा ड्रायव्हर घ्यावा, तो फार कमी खातो आणि तापतही नाही. लिथियम सेल मात्र संरक्षक सर्किट असलेलेच आणावेत. चार्जिंग फक्त मोठ्या माणसांनी, फरशीवर, डोळ्यांसमोर करायचं. रात्री लावून झोपायचं नाही.

तिसरा दिवस

ऊन कडक. दुपारी सावलीतही 38 अंश. दर अर्ध्या तासाने पाणी प्यायची घंटा ठेवली होती. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, हा नियम मुलांना दोनदा सांगावा लागतो आणि मेंटरना चारदा. डोकं दुखतंय किंवा मळमळतंय म्हणणारं मूल आधी सावलीत, चौकशी नंतर.

विषय होता अंतर मोजणं. एचसी-एसआर04 सेन्सर 40 किलोहर्ट्झच्या आवाजाचे आठ ठोके सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती मायक्रोसेकंद लागले ते सांगतो. त्या आकड्याला 58 ने भागलं की सेंटीमीटर, हे सूत्र सगळीकडे छापलेलं असतं. मुलांनी आधी सभागृहात मोजलं. भिंत सेन्सरला तिरकी असेल तर आवाज दुसरीकडे जातो आणि वाचन भलतंच येतं. पडद्यासमोर तो जवळजवळ येतच नाही, कापड आवाज पिऊन टाकतं. दोन गट समोरासमोर बसले तर एकाचा आवाज दुसऱ्याचा सेन्सर ऐकतो. हे सगळं मुलांनी तासाभरात शोधलं, सांगावं लागलं नाही.

गंमत अंगणात झाली. टेपने मोजलेले बरोबर 200 सेंटीमीटर, सेन्सर म्हणतो 194 ते 195. सेन्सर बदलला, तेच. दुसऱ्या गटाचा बोर्ड आणला, तेच. टेप चुकीची असेल म्हणून दुसरी टेप आणली. एकाने वही उलटून दाखवलं की सभागृहात तेच 200 सेंटीमीटर 197 आले होते, तेव्हा ‘तीनच सेंटीमीटर’ म्हणून सोडून दिलं होतं. आत 31 अंश, बाहेर 38. तापमान वहीत होतं, कारण वहीच्या पानावर तापमानाचा रकाना आखून दिला होता. या एका रकान्याने दिवस वाचवला.

58 हा आकडा ध्वनीचा वेग सेकंदाला 345 मीटर धरून काढलेला आहे. हवेत ध्वनीचा वेग साधारण 331.3 अधिक तापमानाच्या 0.6 पट असतो, म्हणजे 38 अंशांना 354. आवाज लवकर परत येतो, सेन्सरला भिंत जवळ वाटते. मुलांना सूत्र दिलं नाही. वेगळ्या तापमानांना मोजून आलेख काढा म्हटलं. पण तिसरं तापमान आणायचं कुठून?

ते संध्याकाळी चालून आलं. पाचच्या सुमाराला पश्चिमेला ढग चढले, वारा सुटला. आकाशदर्शन रद्द करून सगळ्यांना पक्क्या इमारतीत घेतलं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंद किंवा त्याहून कमी लागले, तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा मैदान सोडायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. झाड, तंबू आणि उघडी शेड ही आसऱ्याची ठिकाणं नव्हेत. वादळात खिडक्या-दारांपासून लांब बसून मुलांनी आपणच घड्याळं काढली. 21 सेकंद, 24, 17, 19, 12. तीन सेकंदांना एक किलोमीटर. ठिपके वहीत विखुरलेले पडले, कारण वीज एका जागी पडत नाही आणि ढग कित्येक किलोमीटर पसरलेला असतो. तरी ठिपके खाली येत होते, वादळ जवळ येत होतं. मग वाद पेटला की वेग 340 धरायचा की 354. बाहेर तोवर गार झालं होतं.

चौथा दिवस

पहाटे हवा धुतलेली, 23 अंश. चहाच्याही आधी सेन्सरचं कोडं पडलेला तो गट टेप घेऊन अंगणात. वाचन आलं 200. आरडाओरडा इतका झाला की बाकीचे गट उठले. नाश्त्यापर्यंत त्यांच्या प्रोग्रॅममध्ये तापमानाचा सेन्सर जोडून झाला होता. वेळापत्रकात तो पुढच्या दिवशी होता. वेळापत्रक पेन्सिलने लिहावं.

दिवसाचा मुख्य भाग सूक्ष्मदर्शकाचा होता. भिंतीवरचं, दगडावरचं वाळलेलं शेवाळ पहिल्याच दिवशी गोळा करायला लावलं होतं आणि आदल्या दिवशी पसरट ताटलीत भिजत घातलं होतं. पावसाचं पाणी उत्तम. नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरावं, क्लोरीन बराचसा उडून जातो. शेवाळ भिजवायला कमीत कमी तीन-चार तास, रात्रभर असेल तर अधिक चांगलं. मग ते ताटलीत पिळायचं, पाणी दहा मिनिटं स्थिर ठेवायचं आणि तळाचा थेंब ड्रॉपरने घ्यायचा.

शोधायचा होता टार्डिग्रेड, म्हणजे पाणअस्वल. आठ पाय, लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा कमी, 1773 मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला प्राणी. मुलं लगेच सर्वांत जास्त पटीचं भिंग लावतात आणि दिसणारा भाग इतका लहान होतो की हाती काहीच लागत नाही. 20 ते 40 पट पुरे, प्रकाश बाजूने आणि खाली काळा कागद. हलणारं सगळं पाणअस्वल नसतं: सरसर वळवळतो तो सूत्रकृमी, तोंडाशी चक्रं फिरताना दिसतात तो रोटिफर. पाणअस्वल अडखळत, पायांनी चाचपत चालतं. तास गेला, दोन गेले, काही नाही. दोन गट कंटाळून बाहेर गेले, त्यांना अडवलं नाही. शोधात काही न सापडणं हा विज्ञानाचा नेहमीचा दिवस असतो, आणि तो उगाच रंगवून सांगण्यात अर्थ नाही. जेवणाआधी थोडा वेळ एका टेबलावरून ‘याला पाय आहेत’ असा अगदी हळू आवाज आला. पुढचा अर्धा तास रांग.

शेवाळ एकाच जागचं आणू नये, हा इथला सगळ्यात उपयोगी सल्ला. सहा जागांचं आणलं तर एखाद्यात मिळतो. सावलीतल्या सतत ओल्या शेवाळापेक्षा वाळून पुन्हा ओलं होणारं शेवाळ चांगलं.

पाचवा दिवस

पाण्याची रॉकेटं. सगळ्यात लोकप्रिय दिवस आणि सगळ्यात जास्त शिस्तीचा.

बाटली फसफसणाऱ्या पेयाचीच, 2 लिटरची. ती दाबासाठीच बनवलेली असते. साध्या पाण्याच्या पातळ बाटल्या चालत नाहीत. ओरखडे, घड्या किंवा उन्हात पडून पांढुरकी झालेली बाटली बाद. पंख बसवायला गरम गोंदाची बंदूक वापरली की प्लास्टिक त्या जागी मऊ पडतं आणि तिथेच फुटायची शक्यता वाढते, म्हणून चिकटपट्टी. दाब 3 बारच्या पुढे न्यायचा नाही, आणि त्यासाठी दाबमापक असलेलाच पंप हवा.

नुसतं बूच लावून पंप मारला तर बूच किती घट्ट बसलंय त्यावर रॉकेट सुटतं. कधी दीड बारला, कधी अडीचला, मग तुलना कशाशी करणार? त्यामुळे पकडणारा लाँचर लागतो: उभ्या पाइपभोवती नायलॉनच्या केबल-टायची डोकी बाटलीच्या गळ्याची कड धरून ठेवतात, वरून सरकणारी पाइपची कडी त्यांना आवळते, दोरी ओढली की कडी खाली आणि बाटली मोकळी. दोरी दहा मीटरची. दाब भरल्यावर बाटलीजवळ कोणी जायचं नाही, डोळ्यांवर चष्मे, आणि न सुटलेलं रॉकेट दुरूनच हवा सोडून रिकामं करायचं. वाकून बघायला जाणारं मूल प्रत्येक शिबिरात एक तरी असतं, म्हणून दोरी मेंटरच्या हातात आणि उलटी मोजणी मुलांच्या तोंडी.

सकाळी पहिलं रॉकेट दहा मीटरवर कोलांट्या खात पडलं. पंख सुरेख होते, नाक हलकं होतं. वजनाचा मध्य हा हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा पुढे हवा, नाहीतर शेपूट पुढे यायला बघते. तपासायची सोपी रीत: रिकामं रॉकेट तोल साधेल त्या जागी दोरीने बांधायचं आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आडवं किंवा उलटं फिरलं तर नाकात 50 ते 80 ग्रॅम माती भरायची किंवा पंख मोठे करून मागे सरकवायचे. ही चाचणी पास झाल्याशिवाय लाँचरवर जागा नाही, असं ठरल्यावर मैदानावरची निम्मी गर्दी सावलीत जाऊन दोऱ्या फिरवू लागली.

मग प्रश्न: पाणी किती? दाब 3 बारच, रॉकेट तेच, फक्त पाणी बदलायचं. 0, 250, 500, 750, 1000, 1500 मिलिलिटर. आधी अंदाज वहीत लिहायचा. बहुतेकांनी 1000 च्या वर लिहिलं होतं, कारण ‘पाणीच तर ढकलतं’. रिकामी बाटली फट्कन उडाली आणि लगेच दमली, मागे फेकायला वजनच नाही. 1500 वाली जड उठली आणि पाणी संपायच्या आत हवेचा जोर संपला, उरलेलं पाणी वर बसून राहिलं. उत्तर पाव ते एक तृतीयांश बाटलीच्या दरम्यान सापडलं. प्रत्येक प्रमाणाची तीन उड्डाणं करावीत, कारण वाऱ्याने एखादं फसतं आणि एका उड्डाणावर मुलं पक्कं मत बनवतात.

उंची मोजायला कोनमापक, दोरा आणि वॉशर लावलेली नळी. लाँचरपासून 30 मीटरवर उभं राहून 45 अंश आले तर उंची 30 मीटर, अधिक डोळ्यांची उंची. किती लांब उभं राहायचं यावर मुलांशी गणित केलं. 30 मीटरवरून कोनात 2 अंशांची चूक झाली तर उंची 28 ते 32 मध्ये येते. तेच रॉकेट 10 मीटरवरून बघितलं तर कोन 72 च्या जवळ जातो आणि तेवढ्याच चुकीने उत्तर 27 ते 34 मध्ये कुठेही पडतं. एक मुलगी म्हणाली, मग 100 मीटरवर उभं राहू. राहून बघितलं: कोन लहान, रॉकेट दिसेनासं, आणि थांबण्याचा क्षण पकडता येईना. तिने शेवटी दोन निरीक्षक दोन बाजूंना उभे करून सरासरी काढली. वाऱ्याने रॉकेट एका निरीक्षकाकडे झुकलं तर दुसऱ्यापासून लांब जातं, हे कारण तिचं तिनेच लिहिलं.

शेवटचा दिवस

सकाळी प्रदर्शन, पालक आणि धाकटी भावंडं. नियम एकच ठेवला होता: प्रत्येक टेबलावर चाललेली वस्तू आणि वहीचं ते पान, जिथे ती चालली नव्हती. पालक साहजिकच गाडीकडे जातात. पण उचकीवाल्या गटाने लुकलुकणारा एलईडी आणि जुनी 9 व्होल्टची बॅटरी शेजारीच ठेवली होती, आणि येणाऱ्याला आधी दोष ओळखायला लावत होते. तिथे गर्दी जास्त वेळ थांबली. पहिल्या दिवशी रेझिस्टर वगळलेल्या गटाने वहीतल्या प्रश्नासमोर उत्तर लिहिलं होतं आणि एक जळलेला एलईडी चिकटपट्टीने लावला होता. तो मधल्या कुठल्यातरी संध्याकाळी जळला असणार.

प्रदर्शनाच्या दिवशी बॅटऱ्या तीनपट लागतात. गाडी दिवसभर चालवायची नाही, पाच मिनिटं चालवून दहा मिनिटं बंद. प्रत्येक टेबलाखाली एक भरलेला जोड ठेवावा.

आवराआवरीला अडीच तास धरावेत आणि मुलं जायच्या आधी करावी, त्यांच्याकडूनच. रेझिस्टर मल्टिमीटरने मोजून पिशवीत, रंग बघून नाही. गाड्यांमधले लिथियम सेल बाहेर काढून, साधारण अर्धे भरलेले असतील असे ठेवून, कव्हरात आणि थंड जागी. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामे करून महिनोन्महिने ठेवले तर ते लवकर मरतात. न चाललेला प्रत्येक भाग एका वेगळ्या डब्यात, चिठ्ठीसह: काय बिघडलं, कोणी शोधलं. घरी न्यायला मुलांना एलईडीचा छोटा सर्किट आणि तीन पेन्सिल सेलांचा होल्डर, लिथियम नाही. प्रोग्रॅम कागदावर छापलेला, कारण लॅपटॉप सगळ्यांकडे नसतो, आणि कागदाच्या मागे त्या तीन प्रश्नांसाठी मोकळी जागा.